कॅम्पसचं वायफाय : ग्राफ म्हणतो मस्त, पोरं म्हणतात भंगार. खरं कोणाचं धरू?

अर्धी_कांडी

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसती वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी एका सरकारी विद्यापीठात पीजीच्या शेवटच्या वर्षाला आहे (नाव नाही सांगत, गाईड इथे असले तर पंचाईत). डेझर्टेशनचा विषय आहे विद्यापीठाच्या आवारातली इंटरनेट सेवा आणि ती वापरणाऱ्यांचं समाधान. विषय घेतला तेव्हा वाटलेलं सोप्पं आहे, फॉर्म फिरवायचा, दहा-बारा जागी स्पीड टेस्ट घ्यायची, जिथे स्पीड जास्त तिथे समाधान जास्त असा छान चढता ग्राफ येणार, दोन टेबलं टाकायची आणि सुटलो.

तर तसं काही झालेलं नाही. स्पीड आणि समाधान यांचा एकमेकांशी काही संबंधच लागत नाहीये. उलट ज्या इमारतीत स्पीड टेस्टला झकास आकडा आला तिथलीच पोरं सगळ्यात जास्त शिव्या घालतायत. नेटवर्क सेलच्या सरांकडे गेले तर त्यांनी स्क्रीनवर ग्राफ दाखवला, पूर्ण वर्षाचा, हिरवा रंग अर्ध्याच्याही वर जात नाही. म्हणाले, लाइन गेल्या वर्षी दुप्पट केली, अर्धी तर रिकामीच पडून असते, तुमच्या पोरांना कितीही दिलं तरी रडायचंच असतं. मी काय बोलणार, ग्राफ तर समोर होता.

आता गाईड म्हणतायत डेटात गडबड आहे, परत सर्व्हे कर. मला नाही वाटत पोरं खोटं बोलतायत कारण मी स्वतः तेच वायफाय वापरते. पण ग्राफ पण खोटा कसा असेल? की मी फॉर्ममध्ये विचारलंच चुकीचं? मुख्य प्रश्न फॉर्ममध्ये असा होता, "कॅम्पसवरील इंटरनेटचा वेग व सेवा याबाबत आपण किती समाधानी आहात?" आणि १ ते ५ पर्याय. कोणी यातलं जाणकार असेल तर जरा वाट दाखवा, सबमिशन डोक्यावर आलंय.

तिसरा_मजला

ताई तुझ्या त्या सरांना एकदा आमच्या हॉस्टेलवर पाठव, तिसऱ्या मजल्यावर, जिन्यापासून सगळ्यात लांबची खोली. फोनवर रेंजच्या सगळ्या कांड्या भरलेल्या दिसतात, फुल्ल, आणि खाली बारीक अक्षरात काय तर कनेक्टेड आहे पण इंटरनेट नाही. ही काय थट्टा आहे का.

परवाची गोष्ट सांगतो. असाइनमेंट अपलोड करायची शेवटची वेळ रात्री १२. मी ११:४० ला बसलो, फाइल काही फार मोठी नाही, अपलोड ९० टक्क्यांपर्यंत गेलं आणि थांबलं, गोल फिरतंय फिरतंय, मग त्याने मला ढकललं लॉगिन पेजवर, परत युजरनेम पासवर्ड टाक, टाकला तर म्हणतो तुम्ही ऑलरेडी दुसऱ्या डिव्हाइसवर लॉगिन आहात. दुसरं डिव्हाइस म्हणजे माझाच फोन, खिशातला. मग फोनचं वायफाय बंद केलं, तरी पाच मिनिटं ते सोडायला तयार नाही. शेवटी लॅपटॉप उघडा तसाच हातात घेऊन जिन्यात पळालो, तिथे आधीच चार जण पायऱ्यांवर बसलेले, सगळे त्याच कामाला. ११:५८ ला गेली एकदाची.

आता मला सांग यात स्पीड कुठे आला? स्पीड टेस्ट लावली तर ती छानच येते. ती टेस्ट लावेपर्यंत नेट चालू असावं लागतं एवढीच अडचण आहे.

रोखठोक

मला कळत नाही इतका कीस का पाडायचा. आजकाल प्रत्येकाकडे मोबाइल डेटा आहे, हॉस्पॉट लावा आणि काम करा. सरकारी संस्थेकडून भारी सर्व्हिसची अपेक्षा करणं हीच मुळात चूक. विषय बदल सरळ.

केबलकाका

अर्धी_कांडी, विषय अजिबात बदलू नकोस, चांगला विषय हातात आलाय. मी बरीच वर्षं अशाच एका मोठ्या आवाराचं नेटवर्क सांभाळलंय, आता त्या कामातून बाहेर आहे म्हणून मोकळेपणाने लिहितो. तुझे सर खोटं बोलत नाहीयेत आणि पोरंही खोटं बोलत नाहीयेत. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार असं आपण म्हणतो ना, इथे उलटं आहे, आडात पाणी तुडुंब आहे, पोहऱ्यालाच भोक आहे. सर आड मोजतायत.

आधी त्या ग्राफबद्दल. तू म्हणतेस वर्षाचा होता. हे ग्राफ काढणारं जे जुनं आणि बऱ्याच ठिकाणी अजून चालणारं एमआरटीजी आहे (१९९५ पासूनचं), त्याचा हिशोब असा की दिवसाच्या ग्राफमध्ये एक ठिपका म्हणजे ५ मिनिटांची सरासरी, आठवड्याच्या ग्राफमध्ये ३० मिनिटांची, महिन्याच्या ग्राफमध्ये २ तासांची आणि वर्षाच्या ग्राफमध्ये एक ठिपका म्हणजे अख्ख्या दिवसाची सरासरी. दुसरी सॉफ्टवेअरं पण थोड्याफार फरकाने असंच करतात. म्हणजे पहाटे ४ ला कोणी नसतं ते पण त्यात, सुट्टीचे दिवस पण त्यात. सकाळी ११ ते १ मध्ये लाइन घुसमटलेली असली तरी वर्षाच्या ग्राफवर ती दिसणारच नाही, दिसायची सोयच नाही. त्यांच्याकडे वर्षाचा मागू नकोस, कामाच्या एका दिवसाचा माग, आणि त्यातही ५ मिनिटांच्या आत काय झालं ते झाकलेलंच राहतं हे लक्षात ठेव. दोन सेकंद लाइन पूर्ण भरली तर व्हिडिओ कॉल तुटतो, ५ मिनिटांच्या सरासरीत त्या दोन सेकंदांचा मागमूस राहत नाही.

पण मला विचारशील तर बाहेरच्या लाइनपर्यंत जायचीच गरज पडणार नाही. घोडं पेंड खातंय ते हवेत. वायफाय म्हणजे वायर नाही, ती एकच खोली आहे आणि एका वेळी एकानेच बोलायचं असा नियम आहे. एका ॲक्सेस पॉइंटवर (छताला लावलेला वायफायचा डबा, पुढे नुसतं एपी म्हणतो) ६० जण असतील तर ६० जण पाळीपाळीने बोलतात. त्यातला एक जण लांब कोपऱ्यात, रेंज कमी, म्हणून हळूहळू बोलणारा असेल तर बाकीचे ५९ त्याचं संपेपर्यंत गप्प. हे किती महागात पडतं बघ. १५०० बाइटचं एक पाकीट, नुसता डेटा धरला तरी, १ एमबीपीएसच्या (सेकंदाला दहा लाख बिट) सगळ्यात जुन्या रेटने पाठवायला १२ मिलिसेकंद लागतात. तेच ५४ च्या रेटने पाव मिलिसेकंदसुद्धा नाही. एका मंद माणसाच्या एका वाक्यात चपळ माणसाची पन्नास वाक्यं होतात. म्हणून जाणते लोक १, २, ५.५, ११ हे जुने रेट बंदच करून टाकतात. सरकारी आवारात मात्र एखादं जुनं यंत्र कुठेतरी चालू असतं, त्याच्यासाठी ते चालू ठेवलेले असतात आणि ते यंत्र कुठे आहे हे कोणालाच माहीत नसतं (खरंच सांगतोय, मी एक शोधायला आठवडा घालवलाय).

त्यात आणखी भर म्हणजे वायफायची नावं. स्टुडंट, स्टाफ, गेस्ट, कॉन्फरन्स, टेस्ट, टेस्ट२. प्रत्येक नाव प्रत्येक एपीवरून सेकंदाला जवळपास १० वेळा "मी आहे, मी आहे" असं ओरडतं, आणि तेही चालू असलेल्या सगळ्यात कमी रेटने. सहा नावं म्हणजे सेकंदाला साठ आरोळ्या, एकाच चॅनेलवर शेजारचे चार एपी ऐकू येत असतील तर गुणाकार कर. कोणी काही वापरत नसताना सुद्धा हवा अर्धी भरलेली.

वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. हॉस्टेलच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये छताला ओळीने एपी लावलेले असतात कारण कॉरिडॉरमध्ये केबल ओढणं सोपं, दिसायलाही नीट दिसतं. होतं काय, एपींना एकमेकांचा आवाज मोकळ्या कॉरिडॉरमधून खणखणीत ऐकू येतो आणि खोलीतल्या पोराला मात्र भिंत, लोखंडी कपाट आणि दार यांच्या पलीकडून. एपी एकमेकांसाठी थांबून राहतात आणि पोरगं कोपऱ्यात बसतं. तिसरा_मजला, तुझ्या कांड्या भरलेल्या दिसतात त्या एपीचा आवाज तुला किती ऐकू येतो त्याच्या आहेत. तुझा फोन बारक्या आवाजाचा आहे, तुझं बोलणं एपीला ऐकू जातं का ते त्या कांड्या सांगतच नाहीत.

आता स्पीड टेस्ट. ती एकदम बरीच कनेक्शनं उघडून लाइन भरून टाकते, आणि सर्व्हर पण बहुतेक वेळा जवळचाच निवडते. वेब पेज उघडताना असं होत नाही, तिथे डझनावारी छोटी छोटी ये-जा असते, आधी नाव विचारायचं, मग हात मिळवायचा, मग मागायचं. प्रत्येक फेरीला उशीर झाला की पेज रखडतं, पाइप कितीही रुंद असो. बोलण्यासाठी तर एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असं आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना) जी.११४ शिफारस सांगते, म्हणजे मोजमाप उशिराचं आहे, एमबीपीएसचं नाही.

तू एक कर. लॅपटॉप घे (फोन नको, फोन बॅटरी वाचवायला मधेमधे झोपतो आणि पिंग, म्हणजे हाकेला ओ यायला लागणारा वेळ, उगाच वाढलेला दिसतो). दोन खिडक्या उघड, एकीत गेटवेला सतत पिंग, दुसरीत बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला. गेटवे म्हणजे आवारातलंच पहिलं दार. दहा मिनिटं चालव, गर्दीच्या वेळी आणि रिकाम्या वेळी. गेटवेचाच पिंग उडत असेल तर दुखणं हवेत आहे, बाहेरची लाइन दुप्पट करा की दहापट करा, आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. गेटवे शांत आणि बाहेरचा उडत असेल तर मग सरांच्या लाइनकडे बघू.

रोखठोक साहेब, जाड भिंतींच्या जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या लॅबमध्ये मोबाइल डेटा चालवून दाखवा, मग बोलू. आणि एकाच हॉलमधल्या ५० जणांनी हॉस्पॉट लावले की तीन चॅनेलांवर ५० नवे एपी झाले. म्हणजे मूळ वायफायची जी काय धुगधुगी होती ती पण गेली.

रोखठोक

हॉस्पॉटमुळे वायफाय बिघडतं हे माहीत नव्हतं, मान्य. बाकी माझं मत तेच आहे.

मधली_चौकट

संशोधन पद्धती शिकवते, म्हणून नेटवर्कमध्ये न शिरता फॉर्मबद्दल लिहिते.

"वेग व सेवा याबाबत आपण किती समाधानी आहात" हा एक प्रश्न नाही, दोन आहेत. ज्याला वेग ठीक वाटतो पण तक्रार केल्यावर कोणी फिरकत नाही त्याने कुठल्या आकड्यावर खूण करायची? तो बिचारा ३ वर करतो. तुझ्याकडे जे ३ आले असतील त्यात खरोखर मध्यम समाधानी किती आणि गोंधळलेले किती हे आता कोणीच सांगू शकणार नाही. (माझं टोपणनाव उगाच नाही.)

शिवाय लोक ज्याला स्पीड म्हणतात तो त्यांच्या बोलीतला स्पीड आहे. लॉगिन झालं नाही, नेट स्लो. साइट ब्लॉक आहे, नेट स्लो. लॅपटॉप सात वर्षांचा आहे, तरी नेटच स्लो. म्हणून वेगाबद्दल मत विचारूच नकोस, घडलेलं विचार. गेल्या सात दिवसांत लॉगिन करायला एकापेक्षा जास्त वेळा प्रयत्न करावा लागला का, कॉल मधेच तुटला का, नेटसाठी जागा सोडून दुसरीकडे जावं लागलं का. वरच्या मुलाने जिन्याची जी गोष्ट सांगितली त्यातून तुला चार चांगले प्रश्न मिळतात, तुझ्या गाईडला दाखव हवं तर.

चौकट हवी असेल तर परशुरामन, झाइथमल आणि बेरी यांची सेवेचा दर्जा मोजणारी सर्व्हक्वाल आहे, १९८५ मध्ये त्यांनी अपेक्षा आणि प्रत्यक्ष अनुभव यांतल्या दरीची कल्पना मांडली आणि १९८८ मध्ये २२ विधानांची मोजपट्टी दिली. पाच अंगं, म्हणजे दिसणाऱ्या सुविधा, भरवसा, तत्परता, खात्री आणि आपुलकी. सगळे मुकाट्याने हीच वापरतात, पण १९९२ मध्ये क्रोनिन आणि टेलर यांनी आक्षेप घेतला की अपेक्षा वेगळी विचारून वजाबाकी करायची गरजच नाही, नुसता अनुभव मोजला तरी चांगलं उत्तर मिळतं. मला या बाबतीत त्यांचंच पटतं, कारण सरकारी ठिकाणी अपेक्षा विचारली की लोक एक तर आकाशातली सांगतात नाही तर "अपेक्षाच नाही" म्हणतात, आणि ज्याला अपेक्षाच नाही त्याची दरी शून्य येते. कागदावर तो समाधानी! रोखठोक यांचं वाक्य वर आहेच, सरकारी संस्थेकडून अपेक्षा करणं चूक. त्यांनी फॉर्म भरला तर विद्यापीठाला चांगले मार्क पडतील.

तुझ्या "स्पीड जास्त तिथे समाधान जास्त" या सरळ रेषेलाही माझा आक्षेप आहे. नोरिआकी कानो यांनी १९८४ मध्ये वस्तू-सेवांच्या गुणांचे प्रकार पाडले, त्यात एक प्रकार असा की असला तर कोणी कौतुक करत नाही आणि नसला की बोंब होते. नेट चालू असणं हे त्यातलं. नळाला पाणी आलं म्हणून कोणी टाळ्या वाजवत नाही. तेव्हा एका पातळीच्या वर स्पीड वाढवून समाधान वाढेल ही आशाच धरू नकोस, रेषा तिथे सपाट होणार, आणि ते निष्कर्ष म्हणून लिहायला लाजू नकोस.

आता खरा प्रश्न, हा मी आधी विचारायला हवा होता. फॉर्म भरून कसा घेतलास? लिंक पाठवून? कॅम्पसच्याच वायफायवरून?

अर्धी_कांडी

मॅडम... हो 🙈 ऑनलाइनच. आणि बऱ्याच जणांनी लायब्ररीत बसून भरला कारण मी तिथेच क्यूआर कोड चिकटवला होता.

मधली_चौकट

मग बघ, ज्यांचं नेट चालतच नाही ते तुझ्या फॉर्मपर्यंत पोचलेच नाहीत. आणि जे पोचले ते लायब्ररीत, म्हणजे बहुधा आवारातल्या बऱ्यातल्या बऱ्या जागी बसून. यामानेच्या सूत्राने १०,००० विद्यार्थ्यांमागे ५ टक्के चुकीला ३८५ फॉर्म पुरतात हे सगळे पाठ करून येतात, पण ते सूत्र धरून चालतं की कोणाचीही निवड होण्याची शक्यता सारखी आहे. तुझ्याकडे तिसरा मजला गळालाय. आकडा वाढवून हे भरून निघत नाही. कागदी फॉर्म घेऊन हॉस्टेलच्या दारोदार जा, प्रत्येक इमारतीतून ठरावीक, आणि प्रत्येकावर जागा आणि वेळ लिहून घे. संपूर्ण विद्यापीठाची एकच सरासरी काढू नकोस, तो तुझ्या सरांच्या वार्षिक ग्राफचाच भाऊ होईल.

ग्रंथपालीण

लायब्ररीचा उल्लेख आला म्हणून मधे बोलते. आमच्या काउंटरवर रोज येणाऱ्या "नेट बंद आहे" तक्रारींपैकी कितीतरी नेटच्या नसतातच.

एक नमुना देते. आम्ही घेतलेले जर्नल्स आवाराचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा ओळख क्रमांक) बघून उघडतात. हजारो जण बाहेर जाताना मोजक्या पत्त्यांवरून जातात, म्हणजे प्रकाशकाला आवार हे एकच घर दिसतं. मागे कोणीतरी एका रात्रीत एका जर्नलचे सगळे अंक ओढायला स्क्रिप्ट लावली आणि प्रकाशकाने सकाळी तो पत्ताच बंद केला. झालं, सगळ्या विभागांचे फोन, नेट गंडलंय म्हणून. नेटवर्क सेल म्हणतो लाइन चालू आहे, त्यांचं खरंच आहे. दोन दिवस ईमेल-ईमेल खेळून ते सुरू करून घेतलं, आणि त्या दोन दिवसांचं खापर वायफायवर फुटलं. सर्च करताना तुम्ही रोबो आहात का असं विचारून चित्रातले सिग्नल ओळखायला लावतात ना वरचेवर, तेही बऱ्याचदा याच कारणाने, एकाच पत्त्यावरून इतके जण येतात की समोरच्याला संशय येतो.

आणि अर्धी_कांडी, आमच्या क्षेत्रात लिबक्वाल नावाची पद्धत आहे, त्यात प्रत्येक बाबीला तीन आकडे देतात, किमान किती चालेल, किती हवं आणि प्रत्यक्ष किती मिळतं. किमानच्या खाली गेलं की पेटतं, मधल्या पट्ट्यात लोक सहन करतात. तुझ्या विषयाला ही चपखल बसेल, मॅडमना विचारून बघ.

जाता जाता आमच्याकडचं एक चांगलं पण सांगते, सगळं रडगाणंच नको. बाहेरून येणाऱ्या संशोधकांसाठी पूर्वी अर्ज, सही, शिक्का, मग तात्पुरता पासवर्ड असं चालायचं. एज्युरोम सुरू झाल्यापासून तो माणूस त्याच्या संस्थेचंच लॉगिन वापरतो, विचारणा त्याच्या संस्थेच्या सर्व्हरकडे जाते, तिकडून होकार आला की झालं. २००३ च्या सुमारास युरोपात सुरू झालेली सोय आहे, आता १०० च्या वर देशांत चालते. लॉगिन पेज वगैरे भानगड नाही, एकदा सेट केलं की फोन आपला आपण जोडला जातो. माझ्या अंदाजाने या एका गोष्टीने आमच्या काउंटरवरची जेवढी कुरकुर कमी केली तेवढी लाइन दुप्पट करून झाली नाही.

केबलकाका

ग्रंथपालीणबाई लाख बोललात. लॉगिन पेज हा प्रकार तर स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. ते पेज तुमची मागणी मधेच अडवून स्वतःचं तोंड पुढे करतं, आणि हल्लीच्या साइट एचटीटीपीएसवर (कुलूपबंद जोडणी) असल्याने ब्राउझरला ही सरळ सरळ घुसखोरी वाटते, तो उघडूच देत नाही, म्हणजे पोराला ना साइट दिसते ना लॉगिन. मग तो म्हणतो नेट बंद.

अर्धी_कांडी

काका, केलं तुम्ही सांगितलेलं! लेक्चर हॉलच्या इमारतीत बसले होते. तास चालू असताना गेटवेचा पिंग ३-४ मिलिसेकंद, एकदम शांत. तास सुटल्याची बेल झाली आणि दोन मिनिटांत ३००, ४५०, मग टाइमआउट टाइमआउट, मग परत ८०. बाहेरचा पिंग पण त्याच्याच मागे मागे उड्या मारत होता. म्हणजे बाहेरच्या लाइनचा काही दोष नाही ना? आणि अजून एक विचित्र दिसलं, शेजारच्या मुलीचा लॅपटॉप जोडला गेला होता, कांड्या फुल्ल, पण काहीच उघडत नव्हतं. तिचा आयपी बघितला तर १६९.२५४ असं काहीतरी होतं, माझा १० ने सुरू होतो.

केबलकाका

अगं तू तर चोर रंगेहाथ पकडलास. १६९.२५४ म्हणजे तिच्या लॅपटॉपला पत्ताच मिळाला नाही, मागून मागून थकला आणि स्वतःच स्वतःला एक खोटा पत्ता देऊन बसला. पत्ते वाटणारा जो डीएचसीपी असतो त्याच्याकडचे पत्ते संपलेत. नेहमीची मांडणी केली असेल तर एका गटात २५४ पत्ते असतात, त्यातले एक-दोन गेटवेबिटवेला जातात. आणि दिलेला पत्ता किती वेळ राखून ठेवायचा हे ठरलेलं असतं, विंडोज सर्व्हरवर कोणी हात लावला नाही तर ती मुदत असते ८ दिवस! ऑफिसात ठीक आहे, तेच लोक रोज त्याच खुर्चीवर. लेक्चर हॉलमध्ये मात्र दर तासाला नवी फौज येते, प्रत्येकाकडे फोन आणि लॅपटॉप, म्हणजे सोमवारी दुपारीच २५४ संपले, आणि सोमवारी आलेला माणूस निघून गेला तरी त्याचा पत्ता पुढच्या मंगळवारपर्यंत अडकलेला. लॉजची खोली ८ दिवस त्याच्या नावावर, तो राहिला एक तास.

हा दोष कुठल्याच ट्रॅफिकच्या ग्राफवर येत नाही हे लक्षात घे. ज्याला पत्ता मिळाला नाही त्याचा ट्रॅफिक शून्य. उलट जितके जास्त लोक बाहेर राहतील तितकी लाइन रिकामी दिसेल आणि सर तितके खूश. अर्धी लाइन रिकामी असण्याचं एक कारण हेही असू शकतं.

सरांकडे जा, पण "तुमचं चुकलंय" असं म्हणत जाऊ नकोस. त्या माणसाकडे बहुतेक दोन पोरं हाताखाली आणि अख्खं आवार असणार, मी त्या खुर्चीत बसलोय. नम्रपणे विचार, सर त्या इमारतीचा डीएचसीपीचा पूल (पत्त्यांचा साठा) आणि लीज टाइम (पत्त्याची मुदत) किती आहे, माझ्या परिशिष्टात टाकायचाय. बस. पुढचं त्यांचं त्यांना कळेल.

मधली_चौकट

आणि एक कलम फॉर्ममध्ये वाढव, तक्रार केली होती का, केली तर काय झालं. न केली तर का नाही. मला या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरांची फार उत्सुकता आहे.

अर्धी_कांडी

उशिरा अपडेट देतेय, सॉरी, कागदी फॉर्म घेऊन हॉस्टेलं पालथी घालत होते, पाय गेले.

सरांकडे गेले होते. काका तुम्ही सांगितलं तस्संच विचारलं. ते आधी म्हणाले हे कशाला हवंय तुला, मग कीबोर्ड ओढून काहीतरी उघडलं, स्क्रीनकडे बघून मिनिटभर गप्प. मग म्हणाले "ही इमारत आधी ऑफिस होती." एवढंच. मला आकडा नाही दिला, परिशिष्टासाठी नंतर ये म्हणाले. पण दुसऱ्या दिवसापासून त्या इमारतीत कोणाला १६९ वाला पत्ता आलेला मी तरी पाहिला नाही. बेल झाल्यावर पिंग अजून उडतो, पण टाइमआउट कमी झालेत.

तक्रारीच्या प्रश्नाची उत्तरं वाचून मात्र मला वाईट वाटलं. बहुतेकांनी तक्रार केलीच नव्हती. कारण काय लिहिलंय तर तक्रारीचा फॉर्म फक्त ऑनलाइन आहे, पोर्टलवर, आणि पोर्टल उघडायला आधी वायफायचं लॉगिन लागतं. एकाने नुसतं लिहिलंय, "कोणाकडे करायची?" सेलच्या बाहेर तक्रार वही ठेवलेली आहे खरं तर, मी पाहिली, दोरीने बांधलेली, पेन नाही.

गाईडना दोन्ही ग्राफ शेजारी शेजारी लावून दाखवले, वर्षाचा आणि माझा दहा मिनिटांचा. परत सर्व्हे कर म्हणत नाहीयेत आता. स्पीडचा चॅप्टर लहान करायला सांगितलाय.

तिसरा_मजला

ताई अभिनंदन पण आमच्या मजल्यावर काही फरक नाही हां. मी पण काकांचा प्रयोग केला काल रात्री. गेटवेचा पिंग ५ मिलिसेकंद, एकदम गुळगुळीत, दहा मिनिटं. बाहेरचा सुरुवातीला व्यवस्थित, मग ११:३० ला अचानक सगळे टाइमआउट, गेटवे तरीही ५. दोन मिनिटांनी लॉगिन पेज आपोआप उघडलं. हे कसलं आता?

केबलकाका

ते हवेतलं नाही, सेशनचं आहे, म्हणजे एकदा लॉगिन केल्यावर ते किती वेळ चालतं त्याचं. ठरावीक तासांनी सगळ्यांना एकदम बाहेर काढत असतील, आणि मुदत संपायची वेळ नेमकी अपलोडच्या वेळेवर येत असेल. हे दुखणं वेगळं आहे, नवीन धागा काढ. आणि काढताना शेवटचं लॉगिन किती वाजता केलं होतंस ते लिही, तीन रात्रींचं.

तिसरा_मजला

काढतो. आत्ता जिन्यातून टाइप करतोय.